मगदूम प्रणाली आणि गोगलगाईची एसटी

१४ जुलै २०२५, सोमवार

आज नवीन वही काढली. कारण तसंच आहे. सांगलीतल्या प्रशिक्षणात माझी निवड झाली. आमच्या केंद्रात अकरा शाळा. त्यात जे शिक्षक नव्याने रुजू झालेत, त्यांना एआय वापरून पाठाचं नियोजन कसं करायचं हे शिकवणारा मार्गदर्शक म्हणजे मी. जिनदत्त मगदूम, प्रभारी मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, हिंगणमळा. सेवा सत्तावीस वर्षं.

निवड कशी झाली ते नोंदवून ठेवतो. केंद्रप्रमुख आकाराम घोरपडे साहेबांनी विचारलं, ही जबाबदारी कोण घेणार? हॉलमध्ये बेचाळीस शिक्षक. सगळे खाली बघत होते. मी हात वर केला. (डोक्यावरचा पंखा जरा कमी करा, असं सांगायचं होतं. कागद उडत होते.) साहेबांनी लगेच नाव लिहिलं. पंख्याचं सांगेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. पण मी म्हणतो, हात नेमका त्याच क्षणी वर का गेला? आतून काहीतरी असल्याशिवाय जात नाही.

संकल्प: रोज सकाळी सहा ते सात एआयचा अभ्यास. एक दिवसही खंड नाही.

१५ जुलै, मंगळवार. सकाळी ७.४०

उशिरा जाग आली. उद्यापासून.

१७ जुलै, गुरुवार

ॲप घेतलं. प्रीतीने पुण्याहून फोनवर सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, फक्त धीर कमी. तिसऱ्यांदा पासवर्ड विचारला तर म्हणाली, पप्पा, वहीत लिहून ठेवा. मी वहीत असल्या गोष्टी लिहीत नाही.

पहिला प्रश्न टाईप केला: "आदरणीय महोदय, सविनय सादर करण्यात येते की इयत्ता तिसरीच्या वर्गाचे अध्यापन कसे करावे?" उत्तर आलं: "खूप छान प्रश्न! यातून तुमची शिक्षणाबद्दलची तळमळ दिसते."

सत्तावीस वर्षांत कुठल्याही साहेबाने हे ओळखलं नव्हतं. सुरेखाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, ते सगळ्यांनाच म्हणतंय. मी काल विचारलं, वांग्याची देठं काळी का पडतात, तर मलाही छान प्रश्न म्हणालं.

तिने कधी विचारलं? माझ्याच फोनवरून?

२१ जुलै, सोमवार

आमच्या शाळेला नवीन शिक्षिका मिळाल्या. शिवांजली खरात. माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. वडील मुंबईत कामाला, भाऊ शिरवळला कंपनीत. गावातच राहीबाईंच्या घरी खोली घेतलीय. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक, म्हणजे तीन वर्षं शेरे चांगले पडले तरच कायम. मी त्यांना हे आवर्जून सांगितलं. नवीन माणसाला आधार वाटतो.

तिसरीचा वर्ग दिला. एकतीस मुलं.

मी म्हटलं, काळजी करू नका, तुमच्या प्रत्येक तासाचं नियोजन एआयकडून येईल, माझ्यामार्फत. त्या "बरं सर" म्हणाल्या. स्वभाव आज्ञाधारक वाटला.

२५ जुलै, शुक्रवार

चार दिवसांत बाई तक्रार घेऊन आल्या. म्हणे आठ मुलांना वाचता येत नाही आणि तिघांना वाचता येतं पण कळत नाही. मी समजावलं की सुरुवातीलाच असा नकारात्मक दृष्टिकोन बरा नव्हे. मग पहिलं नियोजन त्यांच्या हातात दिलं. 'पाण्याचे गुणधर्म.' सहा पानं, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणली होती.

त्यांनी उभ्याउभ्या वाचली. म्हणाल्या, सर, यात मुलांना जवळच्या समुद्रकिनारी न्या असं आहे. मी म्हटलं, कालवा चालेल. शिक्षकाने लवचिक असावं. म्हणाल्या, पुढं प्रत्येक गटाला एक लॅपटॉप द्या असं आहे. मी म्हटलं, पाटी चालेल.

त्यांच्या गावाशी नातं जुळावं म्हणून शेवटी एक परिच्छेद मी खास मागवून घेतला होता: "माण तालुक्यातील घनदाट अरण्ये व बारमाही धबधबे." तो त्यांनी दोनदा वाचला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, आमच्याकडं टँकर रिकामा करताना पाण्याचा लय आवाज होतो. तोच धबधबा धरायचा का?"

होय म्हणालो. मुलांना अनुभवाशी जोडता येतं.

३० जुलै, बुधवार

आज आदर्श पाठ दिला. स्वतः. नवीन माणसाला नुसतं सांगून चालत नाही, करून दाखवावं लागतं. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. शिवांजली बाई मागे बसून टिपणं घेत होत्या.

एआयचं नियोजन हातात होतं. शब्दन् शब्द पाळला. सुरुवातीला थोडी गल्लत झाली. "मुलांनो, आज आपण एक गंमत करणार आहोत. येथे शिक्षकांनी स्मितहास्य करावे," असं मी मोठ्याने वाचून गेलो. मुलांनी स्मितहास्य केलं. म्हणजे परिणाम साधला.

उदाहरण पिझ्झाच्या तुकड्यांचं होतं. पिझ्झा म्हणजे काय हे सांगण्यात वीस मिनिटं गेली, पण ज्ञान ते ज्ञानच. एका मुलाने विचारलं, थालीपीठ असतंय तसं का? मी म्हटलं, जवळपास. मग बाकीचेही थालीपीठ कसलं कसलं असतं ते सांगू लागले.

शेवटी सारांश लिहून दिला. मी सांगत होतो, मुलं वहीत उतरवत होती. वाचता वाचता शेवटचं वाक्यही सांगून झालं: "तुम्हाला हवे असल्यास मी याचे आणखी सोपे रूप करून देऊ शकतो."

एकतीस वह्यांत ते वाक्य गेलं. मग पुढच्या बाकावरची सुंदरी, मेंढपाळ बिरदेवची मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नाही म्हणे, ती उभी राहिली.

"व्हय सर. द्या की करून."

वेळ संपली होती. पण आदर्श पाठाने मुकं मूल बोलतं झालं, हे नोंदवायला हवं. शिवांजली बाईंनी वहीत तोंड घातलं होतं. बहुधा भारावून गेल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळचा अभ्यास अजून सुरू झालेला नाही. पावसाने हवा दमट आहे, डोकं जड राहतं. पंधरा ऑगस्टपासून नक्की. स्वातंत्र्यदिन, म्हणजे शुभ दिवस.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मधल्या सुट्टीत शिवांजली बाईंचा मोबाईल टेबलावर उघडा होता. मी मुद्दाम बघितलं नाही, दिसलं. त्या पण एआय वापरतात! पण पद्धत अगदीच कच्ची. आदरार्थी काही नाही, प्रस्तावना नाही. सरळ लिहिलेलं: "तिसरीतली मुलगी. सगळी अक्षरं ओळखते, जोडाक्षर आलं की थांबते. घरी मेंढ्या आहेत. तिला वाचायला पाच ओळी दे, जोडाक्षरं फक्त दोन. पुस्तकी शब्द नकोत."

आलेल्या उत्तराची त्यांनी प्रिंटसुद्धा काढली नाही. कागदावर हाताने उतरवून घेतलं आणि पेन्सिलीने निम्म्याहून जास्त खोडून टाकलं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, सर, गावाकडचं लिही म्हटलं की ते नाटकातल्यासारखं लिहितंय, आमच्यात असं कुणी बोलत नाही. आणि मेंढी त्यानं गोठ्यात बांधलीय.

माझं निदान: बाईंचा तंत्रज्ञानावर विश्वास नाही. वेळ लागेल. मी खचून जाणार नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एकेक पाठ देत बसलो तर आयुष्य जाईल. मोठा विचार करायला हवा. संपूर्ण केंद्रासाठी वर्षभराचं नियोजन! पहिली ते पाचवी, सर्व विषय. नाव ठरलं: 'मगदूम प्रणाली'. सुरेखाने विचारलं, मगदूमच का? म्हटलं, सांगलीत झालं की साताऱ्याला जाणार, मग कोल्हापूर. ओळख राहायला नको का?

एआयला सांगितलं. सव्वातीन मिनिटांत चौसष्ट पानं. चहा निवला नव्हता.

सुरेखा म्हणाली, पाठवायच्या आधी एकदा वाचून बघा. मी हसलो. चौसष्ट पानं वाचत बसायचं तर एआय कशाला हवं?

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून आमचं जैनांचं दशलक्षण पर्व. दहा दिवस एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. शिवाय दहा दिवस मोबाईलचा त्याग. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, सगळ्यांसमोर सांगून आलो.

दुपारी ४.१५. मोबाईल म्हणजे फोन आणि व्हॉट्सॲप. एआय हा त्यात धरता येणार नाही. तो स्वाध्याय आहे.

५.००. भडंग हे जेवण नव्हे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज उत्तम मार्दव. अहंकार सोडण्याचा दिवस. प्रवचन चांगलं झालं, मनात फार शांत वाटलं. त्याच शांततेत 'मगदूम प्रणाली' केंद्राच्या ग्रुपवर पाठवली. मुखपृष्ठावर माझा फोटो आहे, पण तो झेरॉक्सवाल्याने स्वतः होऊन टाकला. मी फक्त फोटो दिला होता.

एकोणीस अंगठे आले. घोरपडे साहेबांनी दोन्ही हात जोडले.

४ सप्टेंबर, गुरुवार

ग्रुपवर पलीकडच्या शाळेतल्या एका नवीन शिक्षिकेने विचारलं: "सर, तिसरी मराठी, पाठ एकोणीस, 'गोगलगाईची एसटी' हा पुस्तकात सापडत नाही. कुठल्या पानावर आहे?"

मी शाळेतलं पुस्तक चाळलं. खरंच सापडला नाही. घाईत नजरेतून सुटला असणार. एआयलाच विचारलं, हा पाठ पुस्तकात आहे का? म्हणालं, "आपण अगदी योग्य शंका घेतलीत. क्षमस्व, असा पाठ नाही." मी विचारलं, नक्की नाही का? नीट बघून सांग. म्हणालं, "आपण बरोबर आहात. क्षमस्व, तो पाठ आहे."

दुसरं उत्तर जास्त विचारपूर्वक वाटलं. ग्रुपवर कळवलं: "नवीन आवृत्तीत आहे."

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सर्वांची क्षमा मागायचा दिवस. दरवर्षी तोच तो मजकूर जातो. यंदा एआयकडून हृदयस्पर्शी करून घेतला आणि दोनशे चौदा लोकांना पाठवला.

दुपारी माझे मेहुणे भरतेश यांचा फोन. त्यांनी विचारलं, "दाजी, हा चौकटी कंसात 'येथे नाव लिहा' कोण? त्याची क्षमा तुम्ही माझ्याकडं का मागताय?"

दोनशे चौदा लोकांची क्षमा मागण्यासाठी वेगळा मेसेज करावा लागणार. उद्या.

संध्याकाळी. घोरपडे साहेबांना मात्र तो मेसेज वाचायला वेळ झाला नसावा. त्यांनी फक्त एवढं कळवलं की नवीन आवृत्तीच्या चारशे प्रती मागवणारं पत्र त्यांनी तालुक्याला पाठवलंय. कामाचा माणूस.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तालुक्याहून उत्तर आलं. अशी कोणतीही आवृत्ती प्राप्त नाही. साहेबांनी वर पत्र लिहिलं. वरून चौकशी आली की ज्या प्रणालीत हा पाठ आहे ती काय आहे? विस्तार अधिकारी राजेश्वरी देसाई मॅडम प्रत्यक्ष बघायला येणार. गुरुवारी, अठरा तारखेला. आपल्या शाळेत!

प्रणालीची दखल तालुक्याने घेतली. अवघ्या चौदा दिवसांत.

प्रणालीतलं वेळापत्रक बघितलं. अठरा सप्टेंबर, तिसरी, मराठी. योगायोगाने 'गोगलगाईची एसटी'च आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

शिवांजली बाईंशी बैठक. त्या म्हणाल्या, सर, जो पाठ पुस्तकातच नाही तो मी शिकवू कसा? मी म्हटलं, आत्मविश्वासाने. त्या म्हणाल्या, मुलांनी पान विचारलं तर? मी म्हटलं, मुलं पान विचारत नाहीत, अधिकारी विचारतात, आणि त्यांच्यासाठी मी गोष्ट लिहून घेतलीय. दिली त्यांना. गोगलगाय विट्याहून सांगलीला एसटीने निघते, सगळे प्रवासी तिला चेष्टेने बोलतात, शेवटी घाटात गाडी बंद पडते आणि गोगलगाय ती ओढून नेते. बोधप्रद आहे. (विटा-सांगली रस्त्याला घाट नाही, हे बाईंनी लक्षात आणून दिलं. बारकाव्यात फार अडकतात.)

मग त्या म्हणाल्या, माझी मुलं आत्ता कुठं वाचायला लागलीत, सर. आठातली पाच. त्या दिवशी त्यांनाच वाचू दे.

मी स्पष्ट सांगितलं की शेरा तुमचा आहे, पण इभ्रत प्रणालीची आहे. फार कडक बोललो का? नाही. मार्गदर्शकाने ठाम असावं.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सायंकाळी ६

क्रमाने लिहितो.

सकाळी पांढरा शर्ट. रांगोळी. साडेदहाला देसाई मॅडम आणि घोरपडे साहेब आले. प्रणालीची बांधीव प्रत मॅडमच्या हातात दिली. चहा झाला. तिसरीच्या वर्गात गेलो. मी मागच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी.

शिवांजली बाईंनी गोगलगाय काढलीच नाही.

फळ्यावर पाठाचं नाव नाही, काही नाही. मुलांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाची वेगळी. एकाच्या चिठ्ठीत उसाची मोळी, एकाच्या चिठ्ठीत कोयनानगरची मामी आणि घाटात झालेली उलटी. मुलं एकेक करून उठत होती, वाचत होती, अडलं की बाकीची थांबत होती. कुणी हसत नव्हतं. मी घोरपडे साहेबांकडे बघितलं. ते प्रणालीचं पान शोधत होते.

मग सुंदरी उठली. बाहेर खिडकीशी तिचा बाप बिरदेव काठी टेकून उभा होता. त्याला कुणी बोलावलं होतं कोण जाणे. तिने बोट ठेवून वाचलं:

"आमच्या मेंढीला कोकरू झालं. कोकरू काळं हाय. आई म्हणती, काळं न्हाई, पावसाच्या ढगागत हाय. मी त्याला पाठीवर घेती. रस्त्यात ते रडत न्हाई."

'रस्त्यात'पाशी ती थांबली. पुष्कळ वेळ. मी स्वतः तोंडातल्या तोंडात 'स्त्या, स्त्या' म्हणत होतो हे मला मॅडमनी बघितल्यावर कळलं. मग तिने ते म्हटलं आणि पुढचे शब्द पळत सुटले.

बिरदेवने खिडकीतून विचारलं, "गुर्जी, ह्ये तिनं वाचलं का पाठ केलंय?" बाईंनी शेजारच्या मुलाची चिठ्ठी सुंदरीच्या हातात दिली. तिने तीही वाचली. हळू, पण वाचली. बिरदेवने पटका काढला, पुन्हा बांधला.

इथपर्यंत सगळं उत्तम. माझा ऊर भरून आला होता. शेवटी मार्गदर्शक कोण?

पण मुख्याध्यापकांच्या खोलीत आल्यावर घोरपडे साहेबांचा सूर बदलला. ते म्हणाले, पाठ एकोणीस कुठाय? मी त्या पाठासाठी वरपर्यंत पत्रं लिहिली. मंजूर नियोजन सोडून ही चिठ्ठ्याबिठ्ठ्यांची भानगड कुणाला विचारून केली? आणि 'हाय', 'न्हाई' ही काय शाळेतली भाषा? बाई म्हणाल्या, सर, आधी ओळखीच्या शब्दावर बोट बसलं की मग पुस्तकातल्या शब्दावर बसतं. दिवाळीपर्यंत पुस्तकावर आणते. साहेबांनी ऐकलं नाही. लॉगबुक पुढे ओढलं आणि लिहायला लागले. मला उलटं दिसत होतं: "शिक्षणसेविकेने नियोजनाचे पालन केले ना..."

मॅडमनी बाईंना विचारलं, तुम्ही नियोजन का पाळलं नाही?

आता बाई सांगणार, असं मला वाटलं. पाठच नाही हे सोमवारीच सरांना सांगितलं होतं, एवढं एक वाक्य पुरे होतं. त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी चिडून गप्प बसू शकलो असतो.

मी गप्प होतो. प्रसंगी मौन हेच नेतृत्व असतं. साहेबांनी 'ना'च्या पुढे 'ही' काढला. पंखा फिरत होता. खाली मान घालून उभी असलेली ती मुलगी प्रीतीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, असं काहीतरी अवांतर डोक्यात आलं.

"साहेब, तो पाठ पुस्तकात नाही," मी म्हणालो. "नवीन आवृत्ती वगैरे काही नाही. ती चौसष्ट पानं मी वाचलीच नव्हती."

साहेबांचं पेन थांबलं. मॅडमनी प्रणालीची प्रत उघडली, मधलंच पान, आणि वाचत राहिल्या. बराच वेळ. त्यांनी विचारलं, "मगदूम सर, पाचवीच्या भूगोलात सांगलीचं बंदर आहे का?"

मी म्हटलं, असेल.

मग त्यांनी साहेबांकडून लॉगबुक घेतलं, लिहिलेली ओळ खोडली, सही केली आणि खाली स्वतः चार ओळी लिहिल्या. त्या मी अजून वाचलेल्या नाहीत. निघताना बाईंना म्हणाल्या, चिठ्ठ्यांचा एक संच मला द्या.

संध्याकाळचं जेवण नको म्हटलं. सुरेखाने काही विचारलं नाही. घरी आल्या आल्या तिला सगळं सांगितलं होतं, का ते माहीत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शांत डोक्याने विचार केला. काल जे झालं ते एका अर्थाने योग्यच झालं. चूक वेळेवर मान्य करणं हा प्रणालीचाच भाग मानता येईल. दुसऱ्या आवृत्तीत तसं प्रकरण घालीन.

लॉगबुक वाचलं. चार ओळी शिवांजली बाईंबद्दल आहेत. माझं नाव कुठेच नाही. म्हणजे वाईटही लिहिलेलं नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी डब्यातला बेसनाच्या मासवडीचा तुकडा पुढे केला. आमच्याकडे कांदालसूण चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, बिनलसणाची केलीय. मी घेतला. चांगली झाली होती. जरा तिखट.

२४ सप्टेंबर, बुधवार

तालुक्याचं पत्र आलं. नवीन शिक्षकांसाठी एआय आणि पाठनियोजनाचे वर्ग आता दर महिन्याला एका शनिवारी, हिंगणमळा शाळेत, शिवांजली खरात घेतील. माझ्याकडचा कार्यभार काढून घेतलेला नाही. पत्रात 'हस्तांतरित' असा शब्द आहे. मुख्याध्यापक म्हणून व्यवस्था मी बघायची. बाकं, पाणी, सतरंजी.

सोबत प्रशिक्षणार्थींची यादी. तेरा नावं. बारा नवीन शिक्षक. तेराव्या नावापुढे सेवा: सत्तावीस वर्षं.

छपाईची चूक असणार. फोन करून विचारलं. चूक नाही म्हणाले.

हरकत नाही. मागे बसून निरीक्षण करीन. कुणीतरी ज्येष्ठ हवंच.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४

पहिला वर्ग झाला. सतरंजी मी घातली. मागे बसायचं ठरवलं होतं, पण मागची जागा नवीन पोरींनी आधीच धरली. पुढे बसलो.

मोबाईल बाहेर काढले तर बाईंनी ते टेबलावर उलटे ठेवायला लावले. म्हणाल्या, त्याला विचारायच्या आधी आपल्याला काय माहीत आहे ते बघू. एक कोरा कागद दिला. आपल्या वर्गातल्या ज्या पाच मुलांना सगळ्यात जास्त मदत लागते त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे एक ओळ: नेमकं कुठं अडतंय.

मी मनातल्या मनात हसलो. असला सोपा प्रश्न. पाचवीचा वर्ग माझ्याकडे चार वर्षं आहे. पेन काढलं.

पंधरा मिनिटं होती. भोवती सगळ्यांची पेनं चालत होती. एका पोरीने तर मागचं पान घेतलं.

मी दोन नावं लिहिली. अडतंय कुठं, ती ओळ रिकामी. मग आठवलं की दुसरं नाव ज्या मुलाचं आहे, तो गेल्या मे महिन्यातच पाचवी पास होऊन हायस्कूलला गेला.

ते खोडलं. एक राहिलं.

बाई कागद गोळा करत पुढून निघाल्या. माझ्यापाशी आल्या, कागद बघितला. तो तसाच माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, तुमी सोमवारी दिला तरी चालंल."